चिठ्ठी नसलेली जुडी

आमच्या फ्रिजचा कायदा एकच: चिठ्ठी लावलेलं माझं, बाकी सगळं बाबांचं. बाबा म्हणजे माझे सासरे. शिवणकाम सोडल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. आणि मी दलदलीतली झाडं ओळखून पोट भरणारी बाई. माझ्या धंद्याचाही एक कायदा आहे: ओळख पटल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही. हे दोन कायदे कधी एकमेकांना भिडतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारी घरी आले, तर बाबा वाडगा पुसत होते.

"तू काल दलदलीतून आणलेल्या त्या जुडीचं सूप केलं. इतकं झकास झालं, की तुझ्यासाठी थेंबही उरला नाही!"

त्या जुडीची ओळख अजून पटायची होती. "कधी प्यायलात?"

"आत्ताच की. चिठ्ठी कुठे होती तिला?"

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. फोनवर डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "वनस्पती नक्की कोणती?"

तेच तर ठरायचं होतं. एक खाण्याजोगी, दुसरी जीवघेणी, आणि दोघींना पांढऱ्या फुलांच्या सारख्याच छत्र्या. कचऱ्याचा डबा फरशीवर उपडा केला. एक पान खिडकीशी धरलं. खाण्याजोगी असती, तर शिरा पानाच्या कडेवरच्या दात्यांच्या टोकांकडे जायला हव्या होत्या. त्या दोन दात्यांमधल्या खाचेत शिरत होत्या. दुसरं पान पाहिलं. तेच. जन्मभर अचूकपणाची मिजास मिरवली, आज मात्र मी मनापासून म्हणत होते, देवा, माझं चुकू दे.

सालींखाली गड्ड्याचा तुकडा सापडला. उभा चिरला. भरीव नीघ रे, भरीव नीघ! आत एकावर एक रिकामे कप्पे होते, मध्ये आडवे पडदे. कापावर पिवळं तेल पाझरलं.

"बाबा, गड्डाही घातलात?"

"अर्धा घातला. टाकवेना गं."

मी फोनवर जीवघेणीचं नाव सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उलटी करवू नका. कुशीवर झोपवा. झटके येतील, डोकं सांभाळा."

मी त्यांना सोफ्यावर कुशीवर निजवलं, डोक्याखाली उशी सरकवली.

"पटली ओळख, सूनबाई?"

"पटली, बाबा."

"मग लाव की चिठ्ठी. पुन्हा हात नाही लावणार," म्हणून ते हसले. हसताना त्यांच्या ओठाचा कोपरा फडफडायला लागला. हसू थांबलं, तरी तो थांबला नाही.