निघताना म्हटलेलं ‘चला’

चौऱ्याण्णव साली सिंगापुरात, हौगांगमध्ये आमच्या ब्लॉकमागे दोन खोल्यांचं म्युझियम होतं. तिथल्या पहिल्या वस्तीच्या करवती, थाळ्या, रबराचा चीक गोळा करायच्या वाट्या. शनिवारी मी तिथे फुकट राबायची. माझा नवरा परेश तुआसच्या शिपयार्डात इंजिनिअर. तो म्हणायचा, "लष्कराच्या भाकऱ्या!" मी म्हणायची, "भाजते, तुझं काय जातं?"

एका काचेच्या कपाटात पायातल्या बेड्या होत्या. खाली पाटी: ‘रस्ते बांधणारा कैदी. मुंबई इलाखा. नाव माहीत नाही.’ इंग्रजांनी गलबतातून इथे आणलेला आपल्याकडचाच कुणीतरी, म्हणून निघताना मी काचेकडे बघून सवयीने म्हटलं, "चला, येते हं!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी स्वयंपाकघरात खण्‌ वाजलं. मग पॅसेजमध्ये. साखळी ओढत कुणी चालावं तसं. आमची एकुलती किमया टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली, "मम्मी, दिस अंकल पुअर थिंग ला. ही कीप आस्किंग, ‘गलबत कधी सुटतला?’"

जिला धड ‘पाणी दे’ म्हणता येत नाही, तिच्या तोंडी मालवणी!

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई! निघताना ‘चला’ आपण उगाच म्हणतो. त्याला वाटलं, बोलावलं. इतक्या वर्षांनी कानावर मराठी पडलं, आणि तेही ‘चला’! घरी नेतेय समजून बिचारा माझ्यामागे आला.

संध्याकाळी परेशलाही साखळी ऐकू आली. तो दाराकडे बोट करून म्हणाला, "आत्ताच्या आत्ता परत सोडून ये त्याला!"

माझ्याकडची किल्ली घेऊन म्युझियममध्ये गेले. खणखण मागे होतीच. कपाटासमोर उभी राहून मी दरडावलं, "बसा इथेच. हलायचं नाही!"

आणि काचेत तो मला पहिल्यांदा दिसला. हाडांची काडं झालेला म्हातारा. माझ्या हुकमासरशी मुकाट्याने उकिडवा बसला, हात डोक्यावर, मान खाली. तुरुंगात मोजणीला बसवतात तसा. माझी मलाच अशी चीड आली!

"उठा," मी ओरडले, "उठा आधी! हात खाली घ्या!" मला रडू आवरेना.

घरी परेशने दार उघडलं. "सोडलंस?"

"डिसेंबरात मालवणला जायचंय. आपण चौघांनी."

तो काही बोलायच्या आत माझ्या पाठीमागे खण्‌ झालं. किमया सोफ्यावर जरा सरकून बसली.