सहाव्या फोटोतला हात

गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत तिचा स्टुडिओ होता. फोटोवाली बाई म्हणून सगळे तिला ओळखत, पण आत फिरकणारे थोडेच. घरी कुणी नाही, दुकानात कुणी नाही. दिवसभर ती कॉम्प्युटरशीच बोलायची, आणि त्याने ऐकलं नाही तर त्याच्यावर हळू आवाजात रागवायचीसुद्धा.

पंधरा दिवसांपूर्वी गल्लीत कुलपं दुरुस्त करणारे किल्लीवाले काका बायकोचा फोटो काढायला तिला घरी बोलावून घेऊन गेले होते. बायको अंथरुणाला खिळलेली. उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचायचा, म्हणून भरदुपारीही पडदे ओढलेले. काकांनी आधीच बजावलं होतं, फ्लॅश नको, दिवाही नको. अशा वेळी कॅमेऱ्याचा आयएसओ अगदी वरपर्यंत चढवावा लागतो. मग त्याला अंधारातही दिसतं, पण फोटोभर दाणे पडतात, तांबडे-हिरवे, कुणी मूठभर रांगोळी उधळल्यासारखे.

त्यावर तिचा एक उपाय होता. कॅमेरा स्टँडवर पक्का करायचा, माणसाला हलू नका म्हणायचं आणि लागोपाठ नऊ फोटो घ्यायचे. नंतर कॉम्प्युटरमध्ये नऊही एकावर एक ठेवायचे. दाणे दर फोटोत वेगळ्या जागी पडलेले असतात, चेहरा मात्र जागचा हललेला नसतो. जे बहुतेक फोटोंत आहे ते राहतं, एखाद्यातच आहे ते धुऊन जातं.

चौथ्या दिवशी काकांची बायको गेली.

आज शनिवारी काका फोटो न्यायला आले. दाराशीच थबकले, कडीला लटकलेल्या कुलपांकडे त्यांचं लक्ष गेलं.

“तीन कुलपं? आत खजिना आहे की काय?”

“लोकांचे चेहरे आहेत, काका.”

ते जरासं हसले. उद्या सकाळी लेक न्यायला येणार होती. घर रिकामं करून तिच्याकडेच राहायला जायचं होतं. सामान फार न्यायचं नव्हतं, हा फोटो तेवढा हवा होता.

तिने प्रिंट समोर ठेवली. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून केलेलं काम होतं ते. एक दाणा शिल्लक नव्हता. उशीची शिवणसुद्धा मोजता आली असती. काका बराच वेळ बघत राहिले. छान झालाय म्हणाले, दोनदा म्हणाले. पण प्रिंट उचलेनात.

“माझा हात होता ना यात?”

तिने पुन्हा प्रिंटकडे पाहिलं. आता आठवलं. फोटो चालू असताना काका मध्येच वाकले होते आणि त्यांनी बायकोच्या कपाळावरची बट मागे सारली होती. तिनेच म्हटलं होतं, “काका, हात जरा बाजूला घ्या.” त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला होता. नवांतल्या एकाच फोटोत तो आला, म्हणून कॉम्प्युटरने दाण्यांबरोबर तोही धुऊन टाकला होता. आणि तिला ते कळलंही नव्हतं.

काका कानकोंडे होऊन सांगू लागले. लग्नाच्या दिवशी फोटोवाला आलाच नव्हता. पुढे लेकीचे, नातवंडांचे फोटो निघाले, त्यांत कधी ही असायची, कधी ते. दोघं मिळून एका फोटोत कधी आलीच नाहीत. “हात तर हात, म्हटलं. तेवढा तरी सोबत असेल.”

मूळ फोटो कॉम्प्युटरमध्ये नव्हते. दर शनिवारी सकाळी पुऱ्या झालेल्या कामाचं जुनं सगळं पुसून टाकायची तिची शिस्त होती आणि आजची सकाळही तिने चुकवली नव्हती. उरलं कॅमेऱ्यातलं कार्ड. तेही ती दर नव्या कामाआधी कोरं करायची.

तिने बॅग उघडली. कार्ड तसंच होतं. पंधरा दिवसांत नवं काम आलंच नव्हतं, साधा पासपोर्टचा फोटोसुद्धा नाही. रोज संध्याकाळी याच गोष्टीने तिचा जीव खालीवर व्हायचा. आज तिने मनोमन हात जोडले.

सहावा फोटो. हात होता. मनगटापर्यंतच, कुलपात चेंगरून काळं पडलेलं अंगठ्याचं नख आणि बोटांत अडकलेली पांढरी बट. आणि बायको कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. बाकी आठांत सांगितलं तसं तिने निमूट समोर पाहिलं होतं, इथे तिचे डोळे त्या हाताकडे वळले होते.

एकट्या फोटोवर ती युक्ती चालणार नव्हती. तिने कॉम्प्युटरवरची दाणे काढायची पट्टी सरकवली. हात मेणाचा झाला, नख पुसलं गेलं, बट विरघळली. पट्टी मागे घेतली, पुन्हा सरकवली. स्वच्छ फोटोतला चेहरा इथे बसवूनही पाहिलं, पण डोळे समोर आणि हात पोरका. शेवटी तिने फक्त तांबडे-हिरवे ठिपके काढले आणि बाकीचे दाणे तसेच राहू दिले.

“काका, याहून साफ होत नाही.”

काकांनी नवी प्रिंट खिडकीशी धरली.

“खोलीत मला तरी कुठे याहून जास्त दिसत होतं,” म्हणाले. स्वच्छ फोटो त्यांनी टेबलावरच ठेवला. पैशांचं विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली. मग जाताना दाराशी थांबून खिशातली लहानशी तेलाची बाटली काढली आणि मधल्या कुलपात दोन थेंब सोडले. “हे कुरकुरतंय कधीपासून,” एवढंच बोलले.

ती उठून दारात उभी राहिली. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांची पाठ दिसत होती.

संध्याकाळी तिने दुकान बंद केलं. मधल्या कुलपाशी रोज झटापट व्हायची, दोन शब्द सुनवावे लागायचे. आज किल्ली फिरवली तर ते गपकन लागलं. भांडायलाही काही उरलं नाही.