बिनटरफलाचा घास

“बाबा, डोळ्यांवर पट्टी बांधून घास भरवला, तर तो अंड्याचा आहे की नाही, हे तुम्हाला ओळखता येईल का हो?”

ऐन गर्दीच्या वेळी, भर दुकानात, शेवटच्या गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशा आवाजात हा प्रश्न विचारायचा, अशी मैत्रिणींची अट होती. विचारलास तर मानलं तुला, नाहीतर नुसत्याच बाता, असं वकीलबाईने ऐकवलं होतं. वकीलबाई म्हणजे वर्गातली अशी मुलगी, जी स्वतः उशिरा येते आणि शिक्षकांनाच माफी मागायला लावते. दुसरी म्याऊ. तिचा आवाज पहिल्या बाकापुढे जात नाही, भूक मात्र थेट शेवटच्या बाकापर्यंत पोचते. दोघी दुकानाबाहेरच्या खांबाआड उभ्या राहून कान टवकारत होत्या.

आणि भिंगरीने विचारलं की! घरात, गल्लीत सगळे तिला भिंगरीच म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. शाळेच्या वादविवादात पहिलं बक्षीस मिळाल्यापासून तर तिची जीभही ठरत नव्हती.

तिचे बाबा अंड्यांचे व्यापारी. खाली दुकान, वर घर, आणि दुकानात छताला टेकलेल्या ट्रेच्या चळती. असल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा म्हणजे सोनाराला पितळ ओळखता येतं का असं विचारण्यासारखंच. बाबांचे कान लाल झाले.

“ओळखता येईल का म्हणजे? अगं, झोपेत भरवलंस तरी सांगेन, आजचं की कालचं!”

“कोणत्या कोंबडीचं तेही सांगतील,” समोरचा बेकरीवाला म्हणाला. हा रोज सकाळी अंडी न्यायला यायचा, तासभर गप्पा हाणायचा आणि अंडी विसरून जायचा. “लावा की पैज! रविवारी पाव माझा, परीक्षकही मीच.”

“लागली!” बाबांनी काउंटरवर थाप मारली. “मी जिंकलो तर सुट्टी लागेपर्यंत सगळे ट्रे तू धुवायचेस.”

भिंगरीने चळतींकडे बघितलं. फुटलेलं अंडं वाळून घट्ट चिकटलेले ट्रे घासणं म्हणजे काय असतं, ते घासणाऱ्यालाच ठाऊक.

“आणि तुम्ही हरलात तर,” ती म्हणाली, “माझं एक बोलणं मध्ये न बोलता ऐकायचं. शेवटपर्यंत. एक शब्दही मध्ये टाकायचा नाही.”

“हात्तिच्या! एवढंच?”

बाबांना ते एवढंच वाटलं. पण बेकरीवाला हळूच म्हणाला, “पोरीने अवघड मागितलंय.” कारण बाबांनी आजवर कुणाचंही वाक्य शेवटपर्यंत जाऊ दिलेलं नव्हतं. माणूस चांगला, मनाने मोकळा, पण समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य हा पुरं करणार. गिऱ्हाईक “मला जरा” म्हणालं की “मोठी हवीत, घ्या!” हे तयार.

भिंगरीचं दुखणं नेमकं तिथेच होतं. मागच्या सुट्टीत ती बाबांबरोबर गाडीतून अंडी आणायला कोंबड्यांच्या फार्मवर गेली होती. तिथे एक विटकरी कोंबडी आली, तिच्या बुटावर बसली आणि चक्क झोपी गेली. बाबांचं माल मोजणं संपेपर्यंत भिंगरी एका पायावर उभी. बस्स, एवढंच झालं. कुणी भाषण दिलं नाही, कुणी काही पटवलं नाही. पण त्या दिवसापासून अंडं तिच्या घशाखाली उतरेना.

तसं तिने घरी सांगायचं ठरवलं. पहिल्यांदा जेवताना म्हणाली, “बाबा, मला अंडं...”

“आणखी हवंय? घे की! लाजतेस काय?” आणि ताटात दुसरं पडलं.

दुसऱ्यांदा जरा वळणाने गेली. “बाबा, रोज रोज अंडं खाऊन मला...”

“ताकद येतेय ना? दिसतंच आहे! बक्षीस उगाच मिळालं होय?”

तिसऱ्यांदा तिने तोंडच उघडलं नाही. सकाळचं अंडं गपचूप डब्यात, आणि डबा म्याऊच्या स्वाधीन. म्याऊचे गाल चांगलेच वर आले. पण आता म्याऊसुद्धा कुरकुरायला लागली होती. “अगं, मी तुझी मैत्रीण आहे की मुंगूस? तुझ्यासाठी अजून किती अंडी खाऊ?”

शेकडो लोकांसमोर माईकवर बोलणारी मुलगी बापाला एक वाक्य सांगू शकत नाही, हे वकीलबाईला अजिबात पटेना. तिनेच ही युक्ती काढली. “बापाला गप्प करायचं तर आधी हरवायचं,” ती म्हणाली. हरवायचं हत्यार होतं टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधापासून केलेला पांढराशुभ्र, बिनचवीचा ठोकळा. त्याचं म्हणे हुबेहूब अंड्यासारखं स्क्रॅम्बल, म्हणजे मऊ भुर्जी, होतं.

म्हणे! वकीलबाईच्या घरी पहिला प्रयोग झाला तेव्हा टोफूतलं पाणी काढायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. तव्यात तळं झालं आणि त्यात पांढरे गोळे पोहायला लागले. दुसऱ्यांदा पाणी काढलं, पण म्याऊने हळदीचा डबाच उपडा केला. जे तयार झालं ते रस्ता दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या जाकिटाच्या रंगाचं होतं. तिसऱ्यांदा रंग साधला, पोतही साधला, पण वास? वास भिंतीला दिलेल्या चुन्यासारखा. शेवटी वकीलबाईच्या मावशीने फोनवरून सांगितलं, “अगं बायांनो, काळं मीठ घाला! पण गॅस बंद केल्यावर, नाहीतर वास उडून जाईल.” चिमूटभर काळं मीठ पडलं, वाफ वर आली, आणि तिघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. साक्षात अंडं!

रविवारी सकाळी स्वयंपाकघर भिंगरीच्या ताब्यात आलं. आई खाली दुकानात होती. अंधाऱ्या कोपऱ्यात दिव्यासमोर एकेक अंडं धरून आतलं बघायचं, खराब बाजूला काढायचं, हे काम आईचं. बाबा बेकरीवाल्याबरोबर बाहेरच्या खोलीत हास्यविनोदात दंग. म्याऊ दारात पहाऱ्याला.

टोफू स्वच्छ फडक्यात गुंडाळून भिंगरीने त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं. तोवर कांदा बारीक चिरला, डोळे पुसले, तेल तापवलं. कांदा मऊ झाल्यावर टोफू हातानेच कुस्करून घातला. “भुगा करू नकोस, मोठे मोठे तुकडे राहू देत,” वकीलबाई कानाशी पुटपुटत होती. “अंडं काही चाळणीतून पडत नाही.” मग हळद, पण अगदी बोटाच्या टोकावर राहील एवढीच. मिरपूड. ओलसरपणासाठी दोन चमचे सोयाबीनचं दूध. उलथन्याने खालून वर, खालून वर, सावकाश.

“आई!” म्याऊ म्हणाली. अर्थात तिच्या आवाजात, म्हणजे कुणालाच ऐकू गेलं नाही.

आई दारात उभी. चहाचा कप ठेवायला आली होती. तिने तव्याकडे बघितलं. मग ओट्यावरच्या टोपलीकडे बघितलं. या घरात अख्खं अंडं शिजत नसे. अख्खी विकायला, तडे गेलेली घरात खायला, हा बाबांचा नियम. त्या तडक्या अंड्यांची टोपली काठोकाठ भरलेली, एकालाही हात लागलेला नव्हता. मग आईने लेकीकडे बघितलं, अगदी दिव्यासमोर धरल्यासारखं. भिंगरीच्या हातातलं उलथनं जागच्या जागी थांबलं.

“खाली लागेल,” आई म्हणाली. “हलव.” आणि निघून गेली.

“कळलं का गं तिला?” वकीलबाईने विचारलं.

“माहीत नाही!” भिंगरीने गॅस बंद केला आणि वरून काळं मीठ भुरभुरलं.

बाहेर बाबांच्या डोळ्यांवर आईचाच स्कार्फ बांधला गेला. बेकरीवाल्याने दोन्ही बाजूंनी नीट तपासला. “काय शेठ, उजेड दिसतोय?”

“उजेड कशाला दिसायला हवा? घास आणा घास!”

भिंगरीने वाटी पुढे केली, चमचा भरला आणि बाबांच्या तोंडात दिला. बाबांनी चावलं. गिळलं. जिभेने दात चाचपले. भुवया स्कार्फच्या वर आल्या.

“आणखी एक.”

दुसरा घास गेला. मग तिसरा, पावाबरोबर. मग बाबांनी वाटीच हातात घेतली.

“निकाल द्या, शेठ,” बेकरीवाला म्हणाला. “परीक्षकालाही भूक लागते.”

“अंडं!” बाबा गरजले. “ताजं. आज पहाटेचं. मऊ शिजलंय, पोरीच्या हाताला चव आहे. अंडं नाही तर काय!”

म्याऊने वकीलबाईचा दंड एवढा दाबला की ती किंचाळता किंचाळता राहिली. भिंगरी तोंड उघडणार, तोच बाबांनी स्कार्फ खसकन ओढून काढला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“पण तू विकायची अंडी फोडलीस!”

“क... काय?”

“मला शिकवतेस? लग्न झाल्यापासून या घरात मी तडकी अंडी खातोय. एक सकाळ अशी गेली नाही की दाताखाली टरफल आलं नाही. आणि आज अख्ख्या वाटीत एक कण नाही! म्हणजे गिऱ्हाइकाची अख्खी अंडी, अं? पैज जिंकायला?”

आता आली का पंचाईत! गप्प बसावं तर चोर, आणि खरं सांगावं तर तेही आत्ता, बाबा असे तापलेले असताना. भिंगरी “बाबा, मी...” म्हणेपर्यंत बाबा जिना उतरून खाली. सगळे त्यांच्यामागे धडाधड. बाबांनी चळतीतले आजचे ट्रे एकेक करून उतरवले. प्रत्येक खळग्यात अंडं, प्रत्येक अंडं अख्खं. एकही खळगा रिकामा नाही.

“टोपली!” बाबा पुन्हा वर. टोपली काठोकाठ.

बाबा मध्येच उभे राहिले. वरची अंडी जागेवर, खालची अंडी जागेवर, आणि पोटात अंडं. माणसाने करावं तरी काय? हळूहळू त्यांचा चेहरा पार पडला.

“म्हणजे तू,” ते अगदी खोल आवाजात म्हणाले, “पलीकडच्या गल्लीतल्या त्या ढेरपोट्याकडून अंडी आणलीस? माझी मुलगी? त्याच्याकडून?”

जिन्यावरून हसण्याचा फवारा उडाला. आई होती. कठड्याला धरून, डोळे पुसत, बोलायला श्वास पुरत नव्हता तिला. “अहो... दिव्यासमोर धरा तिला एकदा... काय आहे आत ते बघा तरी!”

भिंगरीने ओट्याखालून टोफूचं रिकामं पाकीट काढलं आणि बाबांच्या हातात ठेवलं. बाबांनी ते वाचलं. उलटं करून वाचलं. मग वाटीचा वास घेतला.

“हे सोयाबीन?”

“हो.”

“पहाटेचं?”

“काल संध्याकाळचं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं.”

बेकरीवाल्याने दोन्ही हात वर केले. “परीक्षक जाहीर करतात की शेठ आडवे झालेले आहेत!” आणि तो खुर्चीत कोसळून हसायला लागला. बाबांचे ओठ थरथरले, ‘पण’ बाहेर पडणार, एवढ्यात आईने पावाचा मोठा तुकडा त्यांच्या हातात कोंबला. “पैज आहे. खा आणि ऐका.”

बाबांनी तुकडा तोंडात घातला आणि खाटेवर बसले. आई शेजारी टेकली.

भिंगरी त्यांच्यासमोर उभी राहिली. हे वाक्य तिने आरशासमोर, अंघोळ करताना, शाळेच्या वाटेवर किती वेळा म्हटलं होतं. “बाबा, मला अंडं...” ती म्हणाली आणि थांबली. सवयच लागली होती. इथे पुढचं कुणीतरी दुसरंच बोलायचं. पण आज कुणी बोललं नाही. बाबा पाव चावत तिच्याकडे बघत होते, लहान मुलासारखे, पुढे काय याची वाट बघत. आणि तिला पहिल्यांदाच जाणवलं, की बोलण्यापेक्षा ही मोकळी जागा जास्त घाबरवते. खांबाआडून नाही, या वेळी अगदी पाठीमागून वकीलबाईने तिला हळूच ढोसलं.

“मला अंडं नकोय,” भिंगरी म्हणाली. “सुट्टीपासूनच खात नाहीये. सगळी अंडी म्याऊने खाल्लीत, तिला काही बोलू नका. तुमच्यावर राग नाही, दुकानावर तर मुळीच नाही. दुकानात बसेन, गिऱ्हाईक बघेन, ट्रेसुद्धा धुवेन, पण आपखुशीने, हरले म्हणून नाही. फक्त माझ्या ताटात अंडं पडायचं नाही.”

बाबांनी पाव गिळला आणि वर्गातल्यासारखं एक बोट वर केलं.

“थांबा बाबा, अजून संपलेलं नाही,” भिंगरी म्हणाली, आणि आता तिला भलतीच मजा यायला लागली. “तर आई, बाबा, ठरलं. मी यापुढे अंडं खाणार नाही. आणि दर रविवारचा नाश्ता या घरात मी करणार, मला हवा तसा. तुम्हाला आवडेलच. आजची वाटी तुम्ही एकट्यानेच संपवलीत, परीक्षकाला एक घासही ठेवला नाहीत.”