पर्याय क्रमांक एक

उमेदवाराचे नाव: प्रांजल शिवदास खिल्लारे.

अर्ज भरणाऱ्याचे नाव: असा रकाना अर्जात नसतो. असता तर तिथं तिच्या वडिलांचं नाव लागलं असतं.

मूळ जिल्हा: हिंगोली. पण शिवदासला कुणी गाव विचारलं की त्याच्या तोंडात आधी घाटकोपर यायचं. कमलमावशीच्या खोलीच्या पोटमाळ्यावर तो चार वर्षं राहिला, अंधेरीला इंजिनिअरिंग केलं, पाटबंधारे खात्यात लागला आणि परत गेला तो गेलाच. मग पुढची पंचवीस वर्षं त्यानं ती चार वर्षं घरच्यांना पुरवून पुरवून सांगितली.

पसंतीक्रम: प्रांजलनं तो वहीच्या पानावर लिहून दिला होता. एकला पुण्याचं कॉलेज, दोनला अंधेरीचं. हिंगोलीच्या नेटकॅफेत अर्ज भरताना तिला जातपडताळणीची झेरॉक्स काढायला शेजारच्या दुकानात जावं लागलं. तेवढ्यात शिवदास कॅफेवाल्याला म्हणाला, "अंधेरी वर घ्या." ओटीपी त्याच्याच मोबाइलवर आला. अर्ज पक्का झाला. पुणं काही तिला लागत नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली. मग वर काय आणि खाली काय.

निकाल: अंधेरी लागलं. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की जागा गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. हे शिवदासला यादी लागल्यावर कळलं. प्रांजलला तो एवढंच म्हणाला, "अंधेरी मिळालं." तिला वाटलं, दोन नंबरचं मिळालं. म्हणजे तिथं जाऊन जागा धरून ठेवायची आणि दुसऱ्या फेरीत पुण्यासाठी थांबायचं. खरं काय ते सांगणारं पत्र फाइलमध्ये होतं, आणि फाइल, त्यांच्या घरच्या रीतीप्रमाणे, बापाच्या काखेत.

सध्याचा पत्ता: अकरावा मजला, घाटकोपर. खोल्या जाऊन तिथं टॉवर झाला होता. कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी दोघं मावशीकडे उतरले. सकाळी चहा पिताना शिवदास खिडकीतून प्रांजलला दाखवू लागला.

"तिथं खाली नळ होता बघ. पहाटे चारला आम्ही सगळे रांगेत..."

"आम्ही कोण रे?" मावशी म्हणाली. "तू वर पुस्तक घेऊन लोळत असायचास. हंडे मी आणायचे."

"पण मजा होती ना, मावशी."

"तुझी झाली असेल. मला लिफ्ट आवडते."

प्रांजल हसली. शिवदासही हसला, जरा उशिरा.

प्रवास: मेट्रो. बसायला जागा मिळाली.

"ह्याच्या खाली आमची बस अडकायची," साकीनाक्याला शिवदास म्हणाला. "तासभर. अख्खं गणित मी बसमध्ये केलंय."

"हे चांगलं होतं म्हणून सांगताय की वाईट होतं म्हणून?"

त्यानं याचा कधी विचार केला नव्हता. मरोळ गेलं.

"पप्पा, काउंटरवर मी बोलते," प्रांजल म्हणाली. "दुसऱ्या फेरीसाठी थांबते म्हणायचं, बस. तुम्ही त्यांना तुमची बस सांगत बसू नका."

त्यानं मान हलवली. सांगायचं तर आत्ताच, असं त्याला वाटलं. असं वाटण्यात उरलेली स्टेशनं गेली, आणि नंतर अंधेरीच आलं.

कागदपत्रे: कॉलेजच्या व्हरांड्यात अकरा जण पुढे होते. शिवदास माणसं मोजत राहिला. तीन उरली.

वरील माहिती खरी असल्याचे जाहीर करतो:

"प्रांजल, दुसऱ्या फेरीसाठी थांबता येणार नाही."

"का?"

"हे एक नंबरलाच होतं."

"एकला पुणं होतं."

"मी बदललं. तू झेरॉक्सला गेली होतीस तेव्हा."

रांग एक पाऊल सरकली तशी प्रांजल सरकली, तिच्यामागे तोही. तिनं मोबाइल काढला आणि पुण्याची यादी कितीवर थांबली ते शोधलं. मग आपले मार्क पुन्हा पाहिले, जणू ते पाठ नव्हते.

"लागलं असतं," ती म्हणाली.

"मला वाटलं नव्हतं लागेल."

"मग बदललं कशाला?"

मागच्या बाईंनी कान टवकारले. शिवदासनं आवाज खाली आणला. "इथं मावशी आहे. आपली माणसं आहेत. मला वाटलं, तुलापण हे सगळं..."

"काय सगळं?"

ज्या गोष्टी तो पंचवीस वर्षं सांगत आला होता त्यातली एकही या रांगेत उभं राहून सांगण्यासारखी नव्हती.

"फाइल द्या," प्रांजल म्हणाली. त्यानं दिली.

सही: काउंटरवरच्या बाईंनी पत्र पाहिलं. "पहिलाच चॉइस? लकी आहेस गं. इथं कर."

"नाही घेतलं तर?"

"तर फेऱ्यांतून बाहेर. मग मॅनेजमेंट कोट्यातून बघ. लाइन आहे मागे, पटकन काय ते ठरव."

प्रांजलनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. सही केली.

शेरा: बाहेर आल्यावर शिवदासनं सवयीनं वर पाहिलं. "तो दुसरा मजला, तिथं आमचा..."

"पप्पा." तिचा आवाज चढला नव्हता. "मला इथलं काही दाखवू नका. चार वर्षं मला इथलं काहीही सांगू नका. आणि मी हॉस्टेलला राहणार आहे. मावशीआजीला तुम्ही कळवा."

"बरं."

गेटजवळ वॉचमन खुर्चीत बसला होता. तिनं त्याला हॉस्टेलचं ऑफिस विचारलं. शिवदास दोन पावलं मागे उभा होता. त्याचा हात आपोआप डावीकडे निघाला. वॉचमननं उजवीकडे दाखवलं.

ती उजवीकडे गेली. तो तिथंच थांबला.