वरची फासळी

फिजिओथेरपीच्या पहिल्याच वर्षी स्नेहल अ‍ॅनाटॉमीत आपटली, आणि तीही तोंडी परीक्षेत. खरं तर बाकीची मुलं स्नायू, नसा, सांधे तक्त्यावरून घोकत बसायची तेव्हा ही मजेत असायची. पाली गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची धनगरांची वस्ती, आणि आजा गेनबा म्हणजे पंचक्रोशीतला हाडवैद्य. जत्रेला मेंढरू कापलं की ते नातीला शेजारी बसवून घ्यायचे आणि पुढच्या पायाचा फरा सोडवता सोडवता सांगायचे, ही नस बघ, हा सांधा बघ, ही शीर ओढली की खूर हलतो. एवढं शिकून गेलेल्या पोरीला नापास करायचं म्हणजे परीक्षकांनाही जरा शोधावंच लागलं असेल.

त्यांनी तिच्या हातात एक लांबोडकं, दोनदा वळलेलं हाड दिलं. तिनं बेधडक सांगितलं, वरची फासळी. मग त्यांनी विचारलं, हात धडाला कुठल्या हाडानं जोडलेला असतो? कुठल्याच नाही, ती म्हणाली, तो नुसता मांसात अडकवलेला असतो. परीक्षकांनी चष्मा काढला.

"कुणाचा?" त्यांनी विचारलं.

होस्टेलवर येऊन तिनं पुस्तक उघडलं तेव्हा उलगडा झाला. ते हाड कॉलरबोन होतं, आणि मेंढराला ते नसतंच. फरा काढताना म्हणूनच हाड तोडावं लागत नाही, सुरी सरळ मांसातून जाते. माणसाला मात्र ते असतं, आणि त्याच्या मागूनच हाताच्या सगळ्या नसा खाली उतरतात. वर्गानं तिला आठवडाभर मेंढी म्हणून चिडवलं आणि तिनंही ते हसण्यावारी नेलं. फेरपरीक्षा महिन्यावर होती. वर्गातल्या भोरच्या मितालीकडून हाडांची पेटी उसनी घेऊन ती अभ्यासाला घरी आली.

घरी ओट्यावर सिद्धनाथ बसला होता. शेजारच्या वस्तीवरचा हा मेंढपाळ सतरा दिवसांपूर्वी दगडी बांधाची ताल चढताना पाय घसरून खांद्यावर पडला होता. खांदा उतरला असं ठरवून गेनबांनी बांबूच्या कामट्या लावून वर फडकं आवळलं होतं, आणि रोज सकाळी ते सोडून, तेल चोळून हात ओढत होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालंय, काल हातातला कप सुटला, असं सिद्धनाथ सांगत होता. सूज उतरली की बोटं जागी होतील, असं गेनबांचं म्हणणं पडलं.

स्नेहलला त्याच्या गळ्याखाली टेंगूळ दिसलं. तिनं विचारून बोट लावलं, तर खाली हाडाचे दोन तुकडे हलले. मोडलंय, ती म्हणाली.

"वरची फासळी हाय ती," गेनबा म्हणाले. "फासळीला हात लावायचा नसतो. आपली आपण जुळती."

आता मात्र तिला हसू आलं नाही. रोजच्या ओढण्यानं ते तुकडे नसा दाबत होते, आणि असंच चाललं तर हात कायमचा जाणार होता. सिद्धनाथला नुसतं सांगून उपयोग नव्हता. गेनबांच्या हाताखाली आलेला माणूस दुसऱ्याकडं जात नसे. गेनबांनीच चार माणसांत फडकं सोडून 'माझा हात सुटला' म्हणायचं, मग तो मोकळा, अशी तिथली रीत. बरं झाल्याशिवाय हे शब्द गेनबांनी पन्नास वर्षांत कधी उच्चारले नव्हते.

दुपारी गेनबा वाघरीपाशी, मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाशी, एकटे होते तेव्हा ती पेटी घेऊन गेली. वाद घातला नाही. पेटीतलं कॉलरबोन त्यांच्या हातात दिलं, मग त्यांचंच बोट धरून त्यांच्या गळ्याखालच्या खळगीत ठेवलं आणि हाडावरून सरकवत नेलं. दुसऱ्या खेपेला ते स्वतःच बोट फिरवू लागले.

"हे तर खांद्याला जाऊन मिळतंय."

"व्हय आबा. फासळी पाठीकडं जाती."

"सत्तर वरीस माझ्याच अंगावर हाय," ते म्हणाले, "आन म्या मेंढरात बघत बसलो."

तिला त्यांची फार दया आली. आपलं बरोबर निघालं याचा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. गेनबा म्हणाले, ओढायचं बंद करतो, कामट्या राहू देत, लोकांत बोभाटा कशाला. तिनं सांगितलं की कामट्या सुटेपर्यंत बोटं थांबायची नाहीत, दवाखाना आत्ताच हवा. ते मेंढरांमागं निघून गेले, आणि त्या दिवशी तिचं एक पानही पाठ झालं नाही.

सकाळी सिद्धनाथ बायकोला, कमळाबाईला घेऊन आला. ओट्यावर आणखी तिघे आपापली दुखणी घेऊन बसले होते. गेनबांनी तेलाची वाटी घेतली नाही. फडकं सोडलं, घडी केली.

"माझा हात सुटला, सिद्धनाथ," ते म्हणाले. "म्या चुकलो. तुझं हाड मोडलं हुतं आन म्या खांदा वढत बसलो. पोरीसंगं भोरला जा."

तिघांतल्या एकाला घरचं काम आठवलं आणि तो उठून गेला. दुधाच्या टेम्पोनं स्नेहल त्या नवरा-बायकोला घेऊन भोरला पोचली. नस दाबलीय, ऑपरेशन करावं लागेल, बोटं बहुतेक परत येतील, पण आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं तिथले हाडांचे डॉक्टर म्हणाले.

ती एसटीनं परतली तेव्हा गेनबा ओट्यावर पेटी उघडून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मेंढराला नसून माणसाला असलेलं आणखी काय काय आहे?

तिनं पायाचं बारीक हाड काढून दिलं. नळीच्या शेजारी हे दुसरं असतं, मेंढराला नावापुरतंच. गेनबांनी ते बोटांत फिरवलं.

"सोमनाथ," ते म्हणाले. "त्याचा पाय म्याच बांधला हुता. अजून लंगडतोय."

मग तिनं कोपराखालची दोन हाडं शेजारी धरली. मेंढराची एकजीव असतात, माणसाची सुटी. एकावर दुसरं फिरतं, म्हणून तळहात उताणा होतो. गेनबांनी स्वतःचा तळहात उताणा केला, पालथा केला, पुन्हा उताणा केला.

"तुझी आय," ते म्हणाले. "तू रांगत हुतीस तवा हातावर पडली हुती. म्याच बांधलं."

आईचा उजवा तळहात उताणा होत नसे. घ्यायचं-द्यायचं सगळं ती डाव्या हातानं करायची, आणि त्यासाठी सासरी तिनं आयुष्यभर बोलणी खाल्ली होती. खोड आहे तिची, असंच सगळे म्हणत, स्नेहलही म्हणायची.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली आणि तिनं डाव्या हातानं सासऱ्यांपुढं कप धरला. गेनबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.