कुणाच्या कोण

मेट्रनबाईंनी चर्चमधल्या बाकावरून रुमाल फिरवला, तो उजेडात धरून पाहिला आणि मगच टेकल्या. शेजारी जावई बसले. ते दातांचे डॉक्टर असल्यामुळे समोरचा माणूस तोंड उघडेपर्यंत गप्प बसायची त्यांना सवय होती.

"धूळ आहे," मेट्रनबाई म्हणाल्या.

"दुसरीकडे बसू या का, आई?"

"दुसरीकडेही असेल. बसा."

इस्पितळातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी हुद्दा नावासारखा चिकटला होता. यजमान गेल्यावर त्या एकट्याच राहत. न्हाणीघरात पाय घसरला तेव्हा लेकीने त्यांना उचलून या शहरात आणलं. आता हाड सांधलं होतं आणि त्यांना आपल्या घरी परत जायचं होतं. लेकीने रडून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी तह झाला: इथलं एखादं चर्च आपलं वाटलं तर राहायचं, नाहीतर बुधवारी जावयांनी गाडीने पोचवून यायचं. जावई तटस्थ होते. सासू आणि बायको एका छपराखाली असताना शहाणा माणूस तेवढंच करू शकतो.

पहिल्या चर्चमध्ये मेट्रनबाईंना उभं करून टाळ्या वाजवल्या होत्या. "मी काय शतक ठोकलं?" असं त्यांनी घरी येऊन विचारलं. दुसऱ्या ठिकाणी तरुण पाळकांनी प्रेमाने मिठी मारली आणि त्यांच्या गळ्यातली गिटार बाईंच्या बरगडीत रुतली. दोन्हीकडे पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. पाहुणी होण्याचा त्यांना आधीच वीट आला होता. लेकीच्या घरात त्यांच्या हाती भाजी चिरायला सुरीसुद्धा कुणी देत नसे.

इथे, या तिसऱ्या चर्चमध्ये, कुणी ढुंकून पाहिलं नाही. ऑर्गनवाले गृहस्थ अर्धी ओळ मागे होते आणि मंडळी त्यांच्यासाठी थांबायला तयार नव्हती. पुढच्या बाकावरच्या दोघी एका तिसरीबद्दल कुजबुजत होत्या, आणि तिसरी त्यांच्याच पुढे मान ताठ करून ऐकत होती. उपदेश संपतोय असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू झाला. मेट्रनबाईंनी पायातल्या चपला हळूच काढल्या. जावयांच्या नजरेतून ते सुटलं नाही. घरी त्या सोफ्यावरही दवाखान्यात नंबर लावल्यासारख्या बसत.

आशीर्वाद झाला, लोक उठले, तोच कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक ठेंगणी बाई गर्दी कापत आली.

"तुम्हीच ना त्या? आणि इथे काय बसून राहिलात? पाणी उकळून आटायला आलंय."

"मी?"

"मग कोण, मी? तुमच्या भावजयीचे गुडघे धरलेत, ती म्हणाली नणंदेला पाठवते चहाच्या कपांना. नवीन चेहरा दुसरा कुठला दिसतोय इथे? चला."

जावई सांगायला पुढे झाले. मेट्रनबाईंनी त्यांच्या दंडावर नुसता हात ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि निघाल्या.

मागच्या खोलीत कपांचा ढीग होता. किल्लीवाली विसळायची, मेट्रनबाई पुसायच्या.

"कानाला धरून नका पुसू, कान तुटतात," किल्लीवाली म्हणाली.

"कान तुटतात ते तुम्ही आपटता म्हणून."

"तुमची भावजय असं उलट बोलत नाही हो."

"तिचे गुडघे उगाच नाही धरले."

किल्लीवालीने हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. हसू आलं होतं, ते तिने नळाकडे तोंड करून आवरलं. बाहेर चहा गेला, रिकामे कप आले, पुन्हा गेले. जावई दाराशी गाडीची किल्ली घेऊन उभे होते. त्यांना चहा मिळाला नाही. वाटेतून बाजूला व्हायला मात्र दोनदा सांगण्यात आलं.

तेवढ्यात एक लठ्ठ बाई धापा टाकत आत आली.

"मला वहिनीने पाठवलंय. कपांसाठी. बस चुकली हो."

"उशीर झाला," मेट्रनबाई म्हणाल्या. "तो कोरडा टॉवेल घ्या. आधी हात धुवा."

लठ्ठ बाईने निमूट हात धुतले. किल्लीवालीने नळ बंद केला. आळीपाळीने दोघींकडे पाहिलं.

"ही नणंद," ती म्हणाली. "मग तुम्ही कुणाच्या कोण?"

मेट्रनबाईंनी हातातला कप उजेडात धरला, आतून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"तळाशी चहाचा थर बसलाय. साबणाने नाही निघायचा. खायचा सोडा आणून ठेवा, पुढच्या रविवारी काढते."

जावयांनी गाडीची किल्ली खिशात टाकली आणि बायकोला कळवायला फोन बाहेर काढला.

किल्लीवालीने कप त्यांच्या हातातून घेतला, स्वतः आत वाकून पाहिलं. थर होता.

"सोडा आणीन," ती म्हणाली. "पण उपासनेच्या आधी यायचं. आजच्यासारखं बाकावर बसून राहिलेलं मला चालणार नाही."