पाचवं गाणं

“दीपेशा, मांडवाला ये रे बाबा, सगळी खोळंबलीत,” खिडकीपलीकडून माझ्या सासूबाईंचा आवाज आला आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर माझा शिक्का उलटा पडला.

सासूबाई त्या वेळी कोसबाडला घरी तांदूळ निवडत असणार. दीपेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला जाऊन चार वर्षं झाली होती. विवळवेढ्याची जत्रा करून येताना हायवेवर अपघातात गेला. इथे तलासरीच्या कचेरीत माझ्यासमोर फक्त एक कॉलेजची पोरगी मोबाइलवर गाणं लावून उभी होती.

“बंद कर ते आधी!”

“सॉरी मॅडम. पण मस्त आहे ना? सगळीकडे हेच चाललंय.”

मस्त म्हणे. माझं कपाळ! दाखला फाडून मी दुसरा लिहायला घेतला.

सासूबाई धवलारीण. आमच्या भागात लग्न लागायचं तर धवले गायला धवलारीण हवी. आधी देवांना बोलवायचं, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन. लग्न उरकलं की दुसरं गाणं म्हणून तांदूळ टाकत त्यांना परत धाडायचं. पाहुणे बोलावले तर त्यांना पोचवायलाही नको का?

त्यांची भाची मयुरा मुंबईत गाते. तिने अल्बम काढला आणि पाचव्या गाण्यासाठी आत्याला स्टुडिओत नेलं. तिथे ना मांडव, ना नवरी. “कोणाची नावं घेऊ?” सासूबाईंनी विचारलं. “कुठलीही घ्या आजी,” काचेपलीकडून पीयूष नावाचा रेकॉर्डिंगवाला म्हणाला. कुठलीही कशी घेणार? त्यांनी आपल्याच घरातली घेतली. त्यांचे आजेसासरे चिमण, सासू हिरकणी, नवरा गोविंद. एरवी जन्मात नवऱ्याचं नाव न घेणारी बाई, पण गाण्यात चालतं. शेवटी दीपेश. मग त्या धाडायचं गाणं धरणार, तेवढ्यात पीयूष म्हणाला, “बस आजी, एवढंच हवं होतं.”

अल्बम गाजला. एका पेपरात समीक्षा आली, ती मयुराने फोनवर वाचून दाखवली: “मयुराचा गळा तयारीचा आहे, पण अल्बम तारला आहे तो पाचव्या गाण्यातल्या अनामिक वृद्ध स्वराने. त्यातली नावांची माळ अर्थासाठी नाही, निव्वळ नादासाठी आहे.” नादासाठी! त्या समीक्षकाला एकदा आमच्याकडे जेवायला बोलवायला हवं होतं. दुसऱ्या कोणी गाण्याला ‘हाँटिंग’ म्हटलं होतं.

“म्हंजे काय गो?” सासूबाईंनी मला विचारलं.

“झपाटणारं.”

“मग त्याने बरोबर लिवलंय,” त्या म्हणाल्या आणि उठून दाराची कडी काढून आल्या. हल्ली त्या दिवसभर दार लावू देत नव्हत्या. भातही जास्तीचा टाकायच्या.

मी हसले असते, पण मीही कुठे धड होते? शेअर रिक्षात, डहाणू स्टेशनबाहेर वडापावच्या गाडीवर, कुठेही ते नाव कानावर पडायचं आणि मी मान वळवून बघायचे. चार वर्षांत दाराकडे बघायची सवय मोठ्या कष्टाने मोडली होती. या अल्बमने ती महिन्याभरात परत लावली.

कचेरीत दाखला फाडला, त्याच संध्याकाळी मी मयुराला फोन केला. “एक तर ते गाणं काढून टाक, नाही तर धाडायचं गाणंही घे. मला शांतपणे जगायचंय बाई. त्याला जाऊ दे आता.”

“वहिनी, काढता नाही येणार. पण दुसरं घेते. शप्पथ.”

रविवारी सकाळी ती पीयूषला घेऊन आली. त्याने माजघराच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद केला, फ्रिजची वायर काढली. सासूबाई पाटावर बसल्या, मूठभर तांदूळ घेऊन. मी दाराशी उभी राहिले. जीव नुसता कानात आला होता.

“चिमणबाबा, जेवलात, तृप्त झालात, आता सुखाने जावा.” दोन दाणे पडले. “हिरकणीआय, तुझी वाट उजळ होवो.” दोन दाणे. सासऱ्यांच्या नावाला आवाज जरा कापला, पण त्यांनी नाव घेतलं, दाणे टाकले.

मग त्या थांबल्या.

मी मनात म्हणत होते, घ्या, आई, घ्या आता. ओठ हलले, मूठ घट्ट झाली. आणि त्यांनी गाण्याची शेवटची ओळ धरली, ती थेट संपवली. दीपेशचं नाव त्यांनी घेतलंच नाही.

“एकदम परफेक्ट,” पीयूष म्हणाला.

मयुराने डोळे पुसले. “आत्या, झाली ना सगळी नावं? कोणी राहिलं नाही ना?”

सासूबाई मूठ तशीच पदराखाली घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. मला संताप यायला हवा होता. महिनाभर मी याच एका नावासाठी तळमळत होते.

“नाही,” मी म्हटलं. “गेले सगळे.”